साडेबारा तारे

पाकीट आलं तेव्हा सातवी ब ला
चित्रकलेचा तास नव्हताच खरं तर.
गणिताच्या सरांकडून मागून घेतला,
म्हटलं, दसऱ्याच्या आधी परत करते.

रबाळ्याची महापालिकेची शाळा, दुसरा मजला.
एका खिडकीत एमआयडीसीची धुराडी,
दुसरीत अर्धा उरलेला डोंगर.
पाकिटावर निळ्या चौकोनात तारे,
आत तेवीस चित्रं,
युरोपातल्या तेरा वर्षांच्या मुलांनी काढलेली.
विषय एकच : मी कुठला, मी कुठली.

तारे मोजायला कुणी सांगितलं नव्हतं.
मोजले. बारा.
"म्हणजे बारा देश, बाई?"
नाही रे, देश जास्त आहेत,
बारा हा आकडा नुसता पुरा वाटतो म्हणून.
मागच्या बाकावरून पूर्वजा मढवी :
"बारा कसं पुरं? आमचं तं सारेबारा हाय."

निम्मा वर्ग हसला.
हसली नाहीत ती गोठिवलीची, तळवलीची पोरं,
ज्यांच्या घरी हा आकडा
प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात, साड्यांखाली असतो.
शंभरातले साडेबारा परत मिळतील,
असं तिच्या पणजोबांना सांगितलेलं.
आजोबांच्या चपला झिजल्या.
बाप अजून तारखा सांगतो.

एका चित्रात नदी, नदीवर पूल.
पाठीमागे लिहिलेलं :
या काठाला आमचं घर, त्या काठाला दुसरा देश,
आई रोज सकाळी तिकडून पाव आणते.
अंकुश धोत्रेनं कागद उलटा केला, सुलटा केला,
नाकापाशी नेला.
"चौकी कुठाय?"
नाहीये.
"मग कागद कोण बघतं?"
कुणीच नाही, म्हटलं.
त्याला ते पटलं नाही.
खाणीवरची झोपडी किती सालची
हे दाखवायला तो स्वतः दोनदा
वॉर्ड ऑफिसात झेरॉक्स घेऊन गेलाय.

आणखी एक चित्र. सगळं निळं,
मधोमध नखाएवढा नारिंगी ठिपका.
"यानं अर्धवटच सोडलं," मुलं म्हणाली.
रिझवाननं ते चित्र पुढं सरकवलं नाही,
अख्खा तास मांडीवर धरून बसला,
मग हळूच आला : "बाई, नारिंगी खडू हाय?"

घर, झाड, सूर्य नको, असं सांगणार होते.
नाही सांगितलं.
मी तरी काय काढलं असतं?
कणकवलीची मी,
घणसोलीत भाड्याच्या घरात नववं वर्ष.

अंकुशनं बावीस मजली टॉवर काढला,
आतून खडीनं भरलेला.
"आमचा डोंगर हाय यात.
वॉचमन आत सोडत नाही, पण हाय."
प्रज्योत शेलारनं गोण काढली,
बाप मार्केटात माथाडी;
गोणीतून डोकं काढून तो स्वतः,
आणि शिक्का : सातारा, वाशीमार्गे.
रिझवाननं खाडी काढली, चिखलासकट,
आणि ठिपका काठाला लावला.
पूर्वजाचे तारे बारा,
तेरावा पट्टीनं अर्धा कापलेला.
उरलेला अर्धा कुठं?
"रोडखाली. तिथं आमचा भात व्हायचा."

पोस्टात मी तिला सोबत नेलं, नळी धरायला.
आत काय, कारकुनानं विचारलं.
चित्रं.
"परदेशी आहे. किंमत लिहावी लागते."
मी पेन घेऊन तशीच उभी.
चवड्यांवर उंच होऊन ती खिडकीतून म्हणाली,
"सारेबारा."

त्यानं पहिल्यांदाच मान वर केली.
शिक्का हातात तसाच राहिला.
"कंच्या गावची गो तू?"
"गोठिवली."
"कोनाची?"